चट्टा ओळखण्याची विद्या : कुष्ठरोगापासून ल्युपसपर्यंत

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत अंगावर चट्टा उठला की पहिली शंका एकाच रोगाची येते. ती निराधार नाही. हा सगळा मुलूख चांदा जिल्हा म्हणून ओळखला जात होता, तेव्हापासून कुष्ठरोग इथे घर करून आहे. बाबा आमटे यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभे राहिले, तेही याच जिल्ह्यात. 1982 मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, पण रोगाने ती सीमा मानली नाही. 2005 च्या अखेरीस देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले, तरी या दोन जिल्ह्यांत नवे रुग्ण आजही सापडतात.

या लढ्यातून एक विद्या गावोगाव पोचली. कुष्ठरोग तंत्रज्ञ घरोघरी जाऊन, उघड्या अंगावर उजेड पडेल असे रुग्णाला उभे करून त्वचा तपासत. डोळे मिटायला सांगायचे, चट्ट्याला पेनाचे टोक किंवा पीस हलकेच लावायचे आणि कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगायचे. बोट दाखवता आले नाही, म्हणजे चट्टा बधिर. एवढ्या साध्या तपासणीवर हजारो रुग्णांचे निदान झाले. महागडे यंत्र नाही की रक्ताचा रिपोर्ट नाही. मला ही आपल्या भागाची मोठी कमाई वाटते.

पण या विद्येची एक बाजू दुबळी राहिली. जो चट्टा बधिर नाही, त्याचे काय? तो नायटा असेल, वांग असेल, अॅलर्जी असेल. क्वचित तो ल्युपसचा असतो. ल्युपस हा ऑटोइम्यून आजार आहे. यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते आणि त्वचा, सांधे, मूत्रपिंड, रक्त सगळ्यांना त्रास देते. रुग्ण बहुधा तरुण स्त्रिया असतात.

ल्युपस म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. चेहरा कुरतडल्यासारखे व्रण दिसत म्हणून युरोपातल्या मध्ययुगीन वैद्यांनी हे नाव दिले. त्यात त्वचेचा क्षयरोग आणि आजचा ल्युपस एकत्रच मोजले जात. व्हिएन्नाच्या हेब्राने 1840 च्या दशकात गालांवरच्या पुरळाला फुलपाखराची उपमा दिली. पॅरिसच्या काझनाव्हने 1851 मध्ये हा आजार वेगळ्या नावाने मांडला. तोवर तो त्वचेपुरताच समजला जाई. 1872 मध्ये कापोसीने दाखवले की अशा काही रुग्णांना ताप येतो, सांधे धरतात आणि मृत्यूही ओढवतो. त्वचेवर दिसते ती आतल्या आजाराची बाहेरची खूण असते, हा विचार तिथून रुजला. ल्युपसची रक्तातली पहिली खूण, एलई पेशी, अमेरिकेत 1948 मध्ये सापडली, म्हणजे महारोगी सेवा समितीच्या जेमतेम वर्षभर आधी.

पाश्चात्य पुस्तकांतले वर्णन आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाही. त्यांच्या चित्रांत गाल लालबुंद असतात. सावळ्या त्वचेवर लाली लाल दिसत नाही. ती काळपट, तपकिरी किंवा जांभळट दिसते, आणि घरचे म्हणतात, ‘उन्हाने रापली.’ त्यात अर्धे सत्य आहे, कारण ल्युपसचा पुरळ उन्हाने खरोखरच भडकतो. मार्च-एप्रिलमध्ये मोह वेचून आणि पुढे तेंदूपत्ता तोडून आल्यावर दोन्ही गाल व नाकाचा कणा चढतो, पण नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी मोकळी राहते. ही मोकळी घडी आवर्जून पाहावी. सोबत केस गळणे, टाळूवर न दुखणारे व्रण, सकाळी आखडणारे सांधे असतील तर शंका बळावते.

याच कुळातल्या आजारांच्या खुणा बोटांवरही उमटतात. थंडीत बोटे आधी पांढरी, मग निळी, मग लाल होणे (पॅरिसच्या रेनोने 1862 मध्ये वर्णिलेली खूण) आणि पुढे कातडी ताठ होणे हे स्क्लेरोडर्माकडे बोट दाखवते. बोटांच्या सांध्यांवर जांभळट उंचवटे, पापण्यांवर जांभळी झाक आणि मांड्यांत जोर नसणे हे डर्माटोमायोसायटिसकडे.

बधिरपणाची कसोटी मात्र आंधळेपणाने वापरू नये. चेहऱ्यावर नसांचे जाळे दाट असल्याने तिथल्या कुष्ठरोगाच्या चट्ट्यालाही स्पर्श कळू शकतो. उलट, जंतू भरपूर असलेल्या कुष्ठरोगात ताप, सांधेदुखी आणि चक्क एएनए पॉझिटिव्ह, असे ल्युपसचे सोंग दिसते. म्हणून केवळ एएनएवर निदान ठरत नाही. नसा जाड झाल्यात का ते हाताने चाचपावे, त्वचेचा स्मीअर घ्यावा, गरज पडल्यास त्वचेचा तुकडा तपासावा. निदानाआधी स्टेरॉइड सुरू केले तर दोन्ही आजार काही दिवस दबतात आणि गोंधळ वाढतो. दुकानातून आणलेल्या ‘गोरेपणाच्या’ क्रीममध्येही अनेकदा स्टेरॉइडच असते.

चुकीच्या शिक्क्याची किंमत दुहेरी आहे. मुलीचे लग्न मोडते हे एक. दुसरे, चट्ट्याचा बोभाटा होत असताना मूत्रपिंड मुकाट्याने बिघडते. ल्युपसची शंका येताच लघवीतले प्रथिन आणि रक्तदाब त्याच दिवशी तपासता येतो. हे प्राथमिक आरोग्य केंद्रातही होते.

उपचाराची गोष्ट तर आपल्या जंगलाशी आणखीनच जुळते. 1894 मध्ये लंडनच्या पेनने ल्युपसला क्विनाइन दिले. दुसऱ्या महायुद्धात हिवतापासाठी मेपॅक्रिन घेणाऱ्या सैनिकांचे पुरळ आणि सांधे बरे झाल्याचे लक्षात आले, आणि 1951 मध्ये पेज यांनी ते ल्युपसमध्ये वापरल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वाटेवरचे हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आज ल्युपसचे पायाभूत औषध आहे. गडचिरोलीत क्लोरोक्विनची कडू गोळी ठाऊक नसलेले घर विरळाच. तरीही ती मनाने घेऊ नये; ल्युपसमध्ये हे औषध वजनाप्रमाणे, वर्षानुवर्षे आणि डोळ्यांचा पडदा तपासत घ्यायचे असते.