काळ्या खिडकीचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. संगणकाला लिहून हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीचं, म्हणजे कमांड लाइनचं, शोधायला हरकत नाही. नांदेडच्या एसजीजीएसमधला किंवा लातूरच्या बिडवे कॉलेजातला विद्यार्थी त्या खिडकीत एक ओळ टाइप करून एंटर मारतो आणि मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये त्याच्या नावावर एक मशीन चालू होतं. मशीन म्हणजे तरी काय, बड्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरने पाडलेले वाटे, त्यातला एक. हेच काम माउसनेही होतं. त्यामुळे टाइप करणं हा मागाहून निघालेला, पट्टीच्या लोकांचा शौक असावा असं पुष्कळांना वाटतं. वंशावळ नेमकी उलटी आहे.

अशा वाट्याच्या, म्हणजे आभासी, मशीनचं घराणं आयबीएमचं. अमेरिकेतल्या केंब्रिजला १९६७ साली त्यांची सीपी-४० ही प्रणाली कामाला लागली. संगणक एकच, पण वापरणाऱ्या प्रत्येकाला अख्खं यंत्र आपलंच वाटावं, ही करामत. तिच्या पाठच्या सीपी-६७ मध्ये टाइपरायटरसारख्या टर्मिनलवर ‘आयपीएल सीएमएस’ एवढं लिहिलं की आपल्या वाट्याचं मशीन सुरू. समोर पडदाच नाही, तिथे बटण कुठलं? युनिक्स वाढलं तेही टेलिटाइपवर. हे यंत्र तारखात्याच्या गोतावळ्यातलं. त्याचं मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. मग ‘मूव्ह’चं ‘एमव्ही’ होणारच. तार लिहिताना शब्द मोजणाऱ्या आपल्या आजोबांना ही काटकसर समजावून सांगावी लागली नसती.

याच खिडकीतून दूरच्या मशीनशी बिनधोक बोलायचं एसएसएच १९९५ चं. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरीला गेले, म्हणून तातू युलोनेन यांनी ते लिहिलं.

ऑगस्ट २००६ मध्ये ॲमेझॉनने ईसी-२ मशीनं भाड्याने द्यायला काढली, तासाला दहा सेंट. तेव्हाही हाती आली ती कमांड लाइनच. बटणांचं पान जानेवारी २००९ मध्ये आलं. मशीन नुसतं थांबवून ठेवायची सोय तर डिसेंबर २००९ पर्यंत नव्हतीच. ‘टर्मिनेट’ केलं की मशीन गेलं आणि त्याच्या डिस्कवरचंही गेलं. आता ‘स्टॉप-इन्स्टन्सेस’ म्हटलं की डिस्क शाबूत राहते. तिचं भाडं मात्र चालूच राहतं, आणि हे बहुतेकांना बिल आल्यावरच उमगतं. ‘टर्मिनेट-इन्स्टन्सेस’ लिहिलंत तर ‘नक्की का?’ असं विचारणारी चौकट इथे येत नाही. कुणी याला उणीव म्हणेल. मला तो कमांड लाइनचा मानीपणा वाटतो.

मशीन कुठल्या शहरात हवं तेही ओळीतच सांगता येतं. ‘एपी-साउथ-१’ म्हणजे मुंबई, २०१६ पासून. नोव्हेंबर २०२२ पासून ‘एपी-साउथ-२’ आहे, म्हणजे हैदराबाद. १९५६ पर्यंत नांदेड-लातूरवर हुकूम तिथूनच सुटायचे; आता इकडून तिकडे सोडता येतात. फक्त आधी खात्यात हैदराबाद चालू करून घ्यावं लागतं, नाहीतर ओळ चूक दाखवून परत येते.