मोर्णेचा कांठ

गांव नदीकांठीं वसतें तें पाण्याच्या आशेनें. पण गांवाचें शहर झालें म्हणजे तेंच नदीकडे पाठ फिरवितें. वऱ्हाडांतील अकोल्याचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

दक्षिणेच्या डोंगरांतून उतरणारी मोर्णा नदी अकोल्याच्या मधून वाहते व पुढें पूर्णेस मिळते. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नांवाचा असदगड सन १६९७ च्या सुमारास हिच्या पश्चिम तीरावर उभा राहिला. जुनें शहर त्याच्या आश्रयानें वाढलें. पुढें इंग्रजी अमलांत ताजनापेठ व सरकारी कचेऱ्या यांमुळें पूर्व तीरास महत्त्व आलें. आगगाडी आली, कापसाचा व्यापार वाढला, आणि नदी शहराच्या मधोमध असूनहि त्याच्या व्यवहारांतून दूर झाली. घरांत नळ आला कीं नदीवरची रोजची खेप थांबते. सांडपाण्यास वाट मात्र नदीचीच सांपडते. बारमाही वाहणारी मोर्णा कालांतरानें हंगामी झाली, आणि तिचें पात्र जलपर्णीनें भरून गेलें.

वऱ्हाडाला नदीकांठ राखण्याची शिकवण परकी नाहीं. अमरावती जिल्ह्यांतील शेंडगांव येथें १८७६ सालीं जन्मलेले संत गाडगेबाबा पूर्णाकांठच्या ऋणमोचनच्या यात्रेंत स्वतः खपले. दिवसा हातांत खराटा व रात्रीं मुखीं कीर्तन हा त्यांचा क्रम असे. २० डिसेंबर १९५६ रोजीं वलगांवजवळ पेढी नदीच्या पुलापाशीं त्यांनीं देह ठेवला.

हीच परंपरा अकोल्यांत १३ जानेवारी २०१८ रोजीं, संक्रांतीच्या आदल्या दिवशीं, पुन्हां जागी झाली. चार किलोमीटरच्या टापूंत चौदा ठिकाणीं मोर्णेचे दोन्ही कांठ साफ करण्यांत आले. सहा हजारांहून अधिक नागरिक आणि शंभरांवर संस्था या कामीं लागल्या. दर शनिवारीं सकाळीं काम पुढें चालवावयाचें ठरलें. त्याच महिन्याच्या २८ तारखेस पंतप्रधानांनीं आकाशवाणीवरील ‘मन की बात’ मध्यें या कामाचा गौरव केला.

तथापि जलपर्णी उपटणें म्हणजे नदी सुधारणें नव्हे. मूळची दक्षिण अमेरिकेंतील ही वनस्पति सांडपाण्यांतील नत्र व स्फुरद यांवर पोसते. सांडपाणी शुद्ध न करतां सोडलें, तर एका हंगामांत काढलेली पुढच्या हंगामांत परत येते. तिच्या दाट थराखालीं उजेड पोंचत नाहीं, प्राणवायु घटतो व मासे गुदमरतात. कांठाचीहि गोष्ट तशीच. खंड्या पक्षी मातीच्या उभ्या दरडींत बीळ करून घरटें घालतो. टिटवी उघड्या खडकाळ जमिनीवर अंडीं घालते. कांठ सुशोभित करावयाचा म्हणून तो सर्वत्र सिमेंटानें बांधून काढला, तर माणसांस फिरावयास जागा मिळेल, पण पांखरांचें घर जाईल.

दोहोंचा मेळ बसूं शकतो, हें मुंबईंत दिसून आलें. मिठी नदीच्या मुखाजवळ, धारावीलगत, शहराचा कचरा टाकण्याची जागा होती. त्या ३७ एकरांवर झाडें लावून निसर्ग-उद्यान उभें करण्यांत आलें व १९९४ सालीं तें लोकांस खुलें झालें. खाडीकडे खारफुटी, आंत गर्द झाडी, आणि झाडींतून पायवाटा. पक्षी, फुलपांखरें व शाळेंतील मुलें या सर्वांस तेथें जागा आहे.

मोर्णेचें पाणी पूर्णेंतून तापीस व तापीतून सुरतेपलीकडे समुद्रास जातें. म्हणून अकोल्यानें नदींत काय सोडावें, हा एकट्या अकोल्याचा प्रश्न नव्हे. श्रमदानानें लोक कांठावर आले, हें मोठेंच कार्य झालें. कारण ज्या कांठावर कोणी जात नाहीं, त्याच्या नाशाबद्दल तक्रारहि कोणी करीत नाहीं. परंतु नाल्यांतील घाण थांबविणें, कांठाची कांहीं माती उघडी ठेवणें आणि माणसांची पायवाट बेतानें आंखणें हें काम वर्षानुवर्षें चालवावें लागतें. असदगडाखालून पुन्हां निर्मळ पाणी वाहावें असें वाटत असेल, तर शनिवारच्या उत्साहास नगराच्या नित्य कारभाराची जोड मिळालीच पाहिजे.