दास्य, सख्य आणि टिळकांचं घर

नवविधा भक्तीची यादी लहानपणी आपण सगळ्यांनीच पाठ केलेली असते. श्रवण, कीर्तन, स्मरण... करत करत सातवी येते दास्य आणि आठवी सख्य. म्हणजे देवाचा चाकर होणं सोपं, मित्र होणं त्याच्या पुढची पायरी! मला हा क्रम नेहमीच फार अर्थपूर्ण वाटत आलाय.

गंमत म्हणजे बायबलातही हाच क्रम सापडतो. अब्राहामाला तिथे देवाचा मित्र म्हटलंय. मोशेशी देव मित्राशी बोलावं तसा समोरासमोर बोलायचा, असं निर्गमाच्या पुस्तकात आहे. आणि योहानाच्या शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायात, पकडला जाण्याच्या आदल्या काही तासांत, येशू शिष्यांना सांगतो की आता तुम्ही माझे दास नाही, मित्र आहात. कारण धन्याच्या मनात काय आहे ते दासाला कळत नाही, मित्राला कळतं. पण लगेच तिथेच एक अटही आहे. मी सांगतो ते कराल तर मित्र. आणि सांगणं काय, तर एकमेकांवर प्रेम करा. म्हणजे देवाशी मैत्री आहे की नाही, हे देवळात किंवा चर्चमध्ये ठरत नाही. शेजारच्या माणसाशी आपण कसे वागतो तिथे ठरतं.

हे सगळं आठवायचं कारण रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत त्यांच्या कविता वाचल्या, पण माणूस कळतो तो लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मधून.

टिळकांचा जन्म १८६१चा, कोकणातल्या चित्पावन घरातला. डोकं अफाट, स्वभाव तापट आणि पाय भटके. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं त्यांना 'नवा करार' दिला. तो वाचत ते ख्रिस्ताकडे ओढले गेले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते पुढे सांगत. मला वाटतं, हे नुसतं आलंकारिक बोलणं नव्हतं. देवाशी भांडणारा, रुसणारा, सलगी करणारा तुका ज्यानं पचवलाय, त्याला देव 'मित्र' म्हणून भेटला तर नवल काय?

पण या मैत्रीची किंमत कोणी मोजली? लक्ष्मीबाईंनी! नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे त्या काळच्या ब्राह्मण बाईला तो मेल्यासारखाच. पदरात लहानगा दत्तू. काही वर्षं त्या नातेवाइकांकडे राहिल्या, काही काळ पंढरपुरातही. देवाशी सोयरीक जोडायला निघालेला माणूस बायकोचं असं करतो, याला धार्मिकता म्हणायचं का? हा प्रश्न मला टिळकांविषयी वाचताना दर वेळी पडतो, आणि तो टाळून टिळकांचं कौतुक करणं मला जमत नाही.

उत्तर, मिळालंच तर, पुढच्या वर्षांत मिळतं. टिळकांनी दुसरं लग्न केलं नाही, नातं तुटू दिलं नाही. लक्ष्मीबाई परत आल्या तेव्हा त्यांच्यावर धर्माची सक्ती झाली नाही. त्यांचं सोवळं, त्यांची वेगळी चूल चालू राहिली. मग एके दिवशी राहुरीत बसल्या बसल्या त्यांनाच वाटलं की जाती काही देवानं केल्या नाहीत, माणसांनी केल्या. झालं! त्यानंतर कोणाच्याही हातचं खाण्यापिण्याचा विधिनिषेध राहिला नाही. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतःच्या विचारानं.

अहमदनगरचं (आता अहिल्यानगर) त्यांचं घर म्हणजे धर्मशाळाच होती. कोणीही यावं, राहावं, जेवावं. बालकवी ठोंबरे पोरसवदा वयात तिथे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी त्यांना आईची माया दिली. ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यामुळे त्या घरातलं त्यांचं पान काही उचललं गेलं नाही.

टिळकांनी मैत्रीचा हा अर्थ शेवटी सार्वजनिक केला. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. ख्रिस्ताला मानणारे, मग बाप्तिस्मा घेतलेले असोत वा नसोत, सगळे त्यात भाऊ-बहीण. ना परदेशी पैसा, ना परदेशी थाट. घरची मिळकत मात्र गेली, आणि संसार पुन्हा लक्ष्मीबाईंच्याच अंगावर आला, हेही खरंच. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही.

टिकलं ते वेगळंच. टिळकांचं अपुरं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. नावापुरतं शिक्षण झालेल्या या बाईनं मग 'स्मृतिचित्रे' लिहिली (१९३४ ते ३६). त्यात नवऱ्याचा राग, विक्षिप्तपणा, उधळपट्टी सगळं आहे, पण कडवटपणा नाही. आणि पुस्तकभर त्या त्यांना नुसतं 'टिळक' म्हणतात! एखाद्या जुन्या मित्राला हाक मारावी तसं.

मला वाटतं, देवाशी मैत्री टिळकांनी केली, पण तिची अट लक्ष्मीबाईंनी जास्त पाळली. एकमेकांवर प्रेम करा ही अट, आणि तीही समोरचा माणूस सोसायला अवघड असताना.

असो. 'स्मृतिचित्रे' घरात असेल तर पुन्हा काढा. नसेल तर आणा. आणि वाचून झाल्यावर तुम्हाला काय वाटतं ते नक्की कळवा.