धाव की पोशाख?

भाच्याच्या स्विफ्टला १६५/८० आर १४ चे टायर. त्याला हवे होते वरच्या मॉडेलचे १८५/६५ आर १५. "मामा, ॲव्हरेज पडेल का?" एवढंच त्यानं विचारलं, आणि मी 'टायर' हा शब्दच शोधत शिरलो कोशात.

बैलगाडीच्या चाकावर लोहार चढवतो ती धाव. ती चाकाच्या घेरापेक्षा किंचित तोकडी ठेवायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करून चाकावर बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. चर्र होऊन लोखंड आकसतं, आरे-पुठ्ठे गच्च आवळले जातात. 'टायर' हा शब्द 'टाय' म्हणजे बांधणे यातून निघाला, असं काही जण म्हणतात. धाव चढताना पाहिलेल्या माणसाला हे पटणारच. मलाही पटलं होतं. कोशकार मात्र ऐकत नाहीत. त्यांच्या मते मूळ शब्द 'अटायर', म्हणजे पोशाख. चिडून खोदत गेलो, तर त्यांचंच बरोबर निघालं! शब्द पंधराव्या शतकातला, आणि तेव्हा इंग्लंडात चाकावर बहुधा अखंड कडं नसे, लोखंडी पट्ट्यांचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले असत. तुकडा काय बांधणार? तो नुसता अंगरखा. माझा लाडका तर्क तिथेच पंक्चर झाला.

तरी एक हट्ट सुटत नाही: शब्द पोशाखाचा असेल, हवेच्या टायरचं कूळ धावेचंच. रॉबर्ट थॉमसनने १८४५ साली पेटंट घेतलं, ते गाडी ओढायला जोर कमी लागावा, हिसके कमी बसावेत, आवाज घटावा म्हणून. भाच्याचा ॲव्हरेजचा प्रश्न, वर आरामाचाही, मोटार जन्मायच्या चाळीस वर्षं आधी! डनलॉपचा टायर १८८८ चा, मिशलँच्या रेडियलचं पेटंट १९४६ चं. ते सगळ्यांना ठाऊक.

टायरवरच्या आकड्यांची खिचडी मात्र अजब. रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत, रिम इंचात. मिशलँनेच १९७५ मध्ये ३९० मिलिमीटरसारख्या मापांच्या रिम आणून इंच हटवायचा प्रयत्न केला. इंच हटला नाही. माझ्या मते, जगभरचे रिमचे साचे इंचातच पडलेले होते, ते कोण मोडणार?

मग वहीत मांडलं. १६५ चे ८० टक्के दोनदा, २६४. अधिक १४ इंच, म्हणजे ३५५.६, व्यास ६१९.६ मिलिमीटर. दुसऱ्याचा ६२१.५. लोहार दोन्ही चाकांना जवळपास एकच धाव कापेल, मीटरही फसणार नाही. (१९५/६५ आर १५ घातला असता, तर व्यास ६३४.५, शंभर किलोमीटर धावल्यावर मीटरवर जेमतेम ९७.७ आणि ॲव्हरेज फुकटचं बदनाम.) फरक पडतो तो टायरच्या भिंतीत. १३२ मिलिमीटरची भिंत १२० वर येते. स्टेअरिंग फिरवताच गाडी वळते, आणि खड्डा थेट कमरेत. रुंदी वाढली, चाक सहसा जडही होतं, इंजिनाला थोडं जास्त ओढावं लागतं.

"थोडं पडेल," मी म्हणालो.

"पडू दे मामा, दिसतात कसले!"

कोशकारांना एक मुद्दा मिळाला.