इतवारी स्टेशन आणि नागपूरची 'लोकल'

नागपूरला लोकल आहे का, असं एखाद्या मुंबईकराने विचारलं की आपण सरळ मेट्रोचं नाव घेतो. पण लोकल म्हणजे तरी काय हो? सकाळी गावातल्या माणसाला शहरात आणणारी आणि संध्याकाळी परत नेणारी स्वस्त गाडी. तशी गाडी नागपुरात शंभर वर्षं होती. तिला कुणी लोकल म्हटलं नाही, एवढंच. ती सुटायची इतवारीवरून.

इतवारी हे नाव रविवारच्या बाजाराचं. (बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी ही भावंडंही शहरात आहेतच.) आज स्टेशनचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी जंक्शन आहे, पण ऑटोवाल्याला 'इतवारी' म्हटलं की पुरतं.

आता थोडा इतिहास. १८६७ मध्ये जी.आय.पी. कंपनीची ब्रॉडगेज मुंबईकडून नागपूरला पोचली. पूर्वेकडे राजनांदगावपर्यंतची नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० ते १८८२ या काळात सुरू झाली, पण ती मीटरगेज! म्हणजे दोन सिस्टिम, दोन फॉरमॅट आणि मधला कन्व्हर्टर म्हणजे हमाल. छत्तीसगडचा गहू एका डब्यातून उतरवायचा आणि दुसऱ्यात चढवायचा. मुंबई-कलकत्ता मार्गाचा प्रश्न असल्याने दुखणं लवकर बरं झालं. १८८७ मध्ये बेंगॉल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली आणि १८८८ मध्ये तो मार्ग ब्रॉडगेज झाला. सहा वर्षांत काम फत्ते.

याच कंपनीने मग इतवारीहून छोट्या गाड्या काढल्या. १९०८ मध्ये उमरेड, भिवापूरमार्गे नागभीड आणि १९१३ मध्ये सावनेर, सौंसरमार्गे छिंदवाडा. रूळ ७६२ मिलिमीटरचे, म्हणजे ब्रॉडगेजच्या निम्म्याहूनही कमी. सातपुड्यातल्या वळणांना सोयीचे आणि मुख्य म्हणजे स्वस्त. एकीकडे भिवापूरची मिरची, दुसरीकडे सौंसरची संत्री, आणि दोन्हीकडे कामाला, शिकायला, दवाखान्यात शहराकडे येणारी माणसं.

इथे रुंदीकरण कधी झालं? छिंदवाड्याची छोटी गाडी २०१५ च्या अखेरीस थांबली. नागभीडची थांबली नोव्हेंबर २०१९ मध्ये. म्हणजे जिथे कलकत्त्याचा माल होता तिथे सहा वर्षं आणि जिथे उमरेडचा माणूस होता तिथे शंभराहून जास्त! गंमत म्हणजे मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय २००२ मध्येच उघडलं होतं. गाडी धावत असतानाच तिचं स्मारक तयार.

मला स्वतःला छोट्या गाडीच्या आठवणींत गहिवरून जाणं पटत नाही. ती संथ होती, रुंदीकरण हवंच होतं. पण आपल्या धंद्यात जुना सर्व्हर बंद करताना नवा आधी उभा करतात. इथे आधी जुनं उखडलं. छिंदवाड्याच्या मार्गावर इतवारीहून ब्रॉडगेजची पॅसेंजर आली ती २०२१ मध्ये. मधली पाच वर्षं रोज जाणाऱ्याने काय करायचं? एस.टी. नाहीतर स्वतःची बाईक. आणि एकदा बाईकचा हप्ता सुरू झाला की माणूस पुन्हा पासच्या रांगेत कशाला येतोय!

दोन कंपन्यांचं ते जुनं भांडार अजूनही मिटलेलं नाही, बरं का. एकाच शहरात रेल्वेचे दोन नागपूर विभाग आहेत. मुख्य स्टेशन मध्य रेल्वेचं, मुख्यालय मुंबई. इतवारी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचं, मुख्यालय बिलासपूर. २०१८ मध्ये वर्धा, नरखेड, रामटेक आणि भंडारा अशा 'ब्रॉडगेज मेट्रो'चा करार झाला. पहिली दोन गावं मुंबईच्या हद्दीत, पुढची दोन बिलासपूरच्या. दीडशे वर्षांपूर्वीची सीमा अजून नकाशात आहे ती अशी.

असो. पुढे कधी नागपूरच्या लोकलची घोषणा झाली तर डबे वातानुकूलित आहेत का, हे नंतर पाहू. आधी वेळापत्रक उघडा आणि सकाळी नऊच्या आत उमरेडचा माणूस इतवारीला पोचतो का, तेवढं बघा.