पंचहौदचा चहा आणि रानड्यांचं प्रायश्चित्त

आज आपण एका कप चहाबद्दल बोलणार आहोत. ऑक्टोबर 1890. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली नामांकित मंडळी जमली होती. रानडे, टिळक, गोखले, सगळे होते. मिशनऱ्यांनी चहा पुढे केला. कुणी प्यायलं, कुणी कप नुसता हातात धरला. गोष्ट तिथेच संपायची. पण गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे यजमान, यांनी हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापवून आणली. आणि ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली.

ग्रामण्यात कुणी दगड मारत नाही. श्राद्धाला भटजी मिळत नाहीत, पंगतीचं बोलावणं येत नाही, मुलीचं लग्न अडतं. मत एकट्याचं, शिक्षा मात्र सगळ्या घराला.

टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानडे तयार नव्हते. चहात पाप आहे, हे त्यांना पटतच नव्हतं. तरी 1892 मध्ये त्यांनीही प्रायश्चित्त घेतलं. त्यांच्याबरोबर अडकलेल्या मित्रांची घरी कोंडी झाली होती, आणि रानडे पुढे झाले तर त्यांची वाट मोकळी होणार होती. रमाबाईंना हे फार लागलं.

आता साठ वर्षं पुढे जाऊ. 1951 मध्ये अमेरिकेत सॉलोमन ॲश यांनी एक प्रयोग मांडला. तीन रेघांपैकी कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी लांब आहे, एवढंच सांगायचं. बाकीची शिकवलेली माणसं एकमुखानं चूक सांगायची. अशा वेळी जवळजवळ एक तृतीयांश उत्तरं त्यांच्या मागे गेली. पण एक जरी सोबती बरोबर बोलला, की माणसाला बळ यायचं, चुका एकदम कमी व्हायच्या.

ॲशच्या खोलीत सोबती म्हणजे आधार. पुण्यात मात्र समाजानं सोबत्यांनाच फास केलं. रानड्यांची बुद्धी कुणी हरवली नाही. त्यांचा स्नेह वेठीला धरला. म्हणून त्यांना भित्रे ठरवण्याआधी आपण थांबायला हवं. आणि थोर म्हणून सोडून देण्याआधीही. कारण ज्यांना त्यांच्या नकाराचाच आधार होता, त्यांचं त्या दिवशी काय झालं असेल?

आपल्या आसपास आज कुणाची अशी कोंडी होते, तेव्हा त्याच्या दारात जेवायला आपण जातो का? प्रश्न एवढाच आहे.