जत्रेच्या दारावरचा पशुवैद्य

अमेरिकेच्या ग्रामीण भागांत दरसाल उन्हाळ्याच्या उत्तरार्धांत जिल्ह्याजिल्ह्यांतून जत्रा भरतात. तेथील जिल्ह्यास काउंटी म्हणतात. म्हणून ह्या जत्रेचें नांव काउंटी फेअर. आपल्याकडील बहुतेक जत्रांच्या मुळाशीं देवस्थान असतें. ह्या जत्रेच्या मुळाशीं गाय, मेंढी आणि डुक्कर हीं आहेत. शेतकरी व त्यांचीं मुलेंबाळें आपापलीं जनावरें धुऊनपुसून आणतात, परीक्षक तीं पारखून पाहतात, आणि पहिल्या क्रमांकाच्या धन्यास निळी फीत मिळते. परंतु जनावराला मांडवांत पाऊल टाकण्यापूर्वीं एक दार ओलांडावें लागतें, आणि त्या दाराशीं कायदा उभा असतो. कानांत सरकारमान्य बिल्ला आहे काय? पशुवैद्याचा दाखला आहे काय, आणि त्याची मुदत उलटली तर नाहीं ना? अंगावर गजकर्णाचे चट्टे किंवा चामखिळी नाहींत ना? डोळे लाल होऊन पाणावलेले नाहींत ना? ह्यांतील एका प्रश्नाचें उत्तर विपरीत आलें, कीं वर्षभराची मेहनत दारावरूनच परत फिरते.

श्रोतेहो, वरवर पाहतां ही नियमावली कारकुनी खाक्याची वाटते. पण ती एखाद्या जुन्या किल्ल्याच्या तटासारखी वाचावी लागते. तटाचा अमुक बुरूज कां बांधला, ह्याचें उत्तर मागें केव्हां तरी त्याच बाजूनें झालेल्या हल्ल्यांत सांपडतें. ह्या नियमांचेंही तसेंच आहे.

जत्रेचा जनक म्हणून एल्काना वॉटसन ह्या गृहस्थाचें नांव घेतात. व्यापार व पेढी ह्यांतून निवृत्त होऊन तो मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड गांवीं शेती करूं लागला. १८०७ सालीं त्यानें आपल्या मेरिनो जातीच्या दोन मेंढ्या गांवच्या चौकांत लोकांना पाहण्यासाठीं मांडल्या. त्यांची मऊ लोंकर पाहण्यास लोकांची गर्दी लोटली. दोन मेंढ्या जर एवढी उत्सुकता निर्माण करतात, तर साऱ्या पंचक्रोशीचीं जनावरें एकत्र आणल्यास काय होईल, असा विचार त्याच्या मनांत आला. १८१० मध्यें गुरांचें प्रदर्शन भरलें, आणि १८११ मध्यें बर्कशायर शेतकी मंडळी रीतसर स्थापन झाली. शेतकऱ्यानें दुसऱ्याचें उत्तम जनावर स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें, त्याला ईर्ष्या वाटावी, आणि त्या ईर्ष्येंतून पशुधन सुधारावें, ही ती कल्पना. ती इतकी रुचली, कीं एका पिढींत तिचें लोण देशभर पोंचलें.

परंतु ह्या कल्पनेच्या पोटांतच धोका दडलेला होता. उत्तम जनावरें दूरदूरहून एका ठिकाणीं आणावयाचीं, चार दिवस एका छपराखालीं बांधावयाचीं, आणि पुन्हां ज्याच्या त्याच्या गोठ्यांत पोंचवावयाचीं! सांथ पसरविण्याची याहून सोयीस्कर व्यवस्था खुद्द रोगालाही सुचली नसती. शिवाय वाण सुधारण्याच्या हौसेनें परदेशांतून जनावरें येऊं लागलीं, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे रोगही आले.

१८४३ सालीं ब्रुकलिनच्या एका गवळ्यानें इंग्लंडहून आलेल्या जहाजावरची एक गाय विकत घेतली. तिच्याबरोबर गुरांच्या फुप्फुसांचा सांसर्गिक रोग अमेरिकेंत उतरला. १८५९ मध्यें हॉलंडहून मॅसॅच्युसेट्समध्यें आणलेल्या निवडक गाईंबरोबर तोच रोग पुन्हां आला. ह्या गाई आणणारा गृहस्थ कांहीं निष्काळजी नव्हता. तो उत्तम वाणाचा भोक्ता होता, आणि तेंच अनर्थाचें कारण ठरलें. पुढें १८७९ मध्यें इंग्लंडनें अमेरिकन गुरें उतरत्या बंदरावरच मारलीं पाहिजेत असा निर्बंध घातला, तेव्हां व्यापाराला झळ लागली आणि सरकार जागें झालें. १८८४ मध्यें पशुरोगांसाठीं मध्यवर्ती खातें स्थापन झालें, आणि रोगी व संशयित गुरें मारून १८९२ पर्यंत त्या खात्यानें हा रोग देशांतून समूळ उखडून टाकला. जनावर कोठून आलें आणि कोणाच्या संगतींत होतें, हा प्रश्न विचारण्याची शिस्त ह्या मोहिमेंत रुजली.

तरीही प्रदर्शनांना खरा धडा मिळावयाचा होता तो १९१४ सालीं. त्या वर्षीं मिशिगन संस्थानांतील नाइल्स गांवाजवळ लाळ-खुरकुताची लागण झाली. तिची नक्की ओळख पटण्यास ऑक्टोबर उजाडला, आणि तोंवर रोग शिकागोच्या अफाट गुरेबाजारांत शिरला होता. नेमक्या त्याच महिन्यांत त्या बाजाराला लागूनच राष्ट्रीय दुग्धप्रदर्शन भरलें होतें. देशांतील नामांकित वंशावळीच्या सातशेंहून अधिक गाई व वळू तेथें आले होते. त्यांच्यांतही रोग निघाला.

ह्या रोगावर सरकारचा उपाय ठरलेला होता. लागण झालेला कळप मोजावयाचा, त्याची किंमत ठरवावयाची, खड्डा खणावयाचा, कळपाला गोळ्या घालून पुरावयाचें, आणि मालकास भरपाई द्यावयाची. त्या सांथींत बावीस संस्थानांतील साडेतीन हजारांवर कळप ह्या रीतीनें नाहींसे झाले. मारलेल्या जनावरांची संख्या सुमारें १,७२,००० भरली. शिकागोचा गुरेबाजार नोव्हेंबरांत निर्जंतुक करण्यासाठीं बंद ठेवावा लागला, आणि तेथील मोठें आंतरराष्ट्रीय पशुप्रदर्शन १९१४ व १९१५ अशीं दोन्ही वर्षें भरलें नाहीं.

पण दुग्धप्रदर्शनांतल्या त्या मौल्यवान गाईंचें काय झालें? त्यांना गोळ्या घातल्या नाहींत. शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील घोड्यांच्या शर्यतीच्या आवारांत त्यांना हलविलें, भोंवतीं कडक पहारा बसविला, आणि कित्येक महिने क्वारंटाईनमध्यें ठेवून त्यांना बरें होऊं दिलें. पुढच्या वर्षीं त्या गाई आपापल्या घरीं गेल्या.

ह्या निर्णयाला बाजू नव्हती असें नाहीं. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीनें साधलेलें वाण एका दिवसांत मातींत घालणें ही राष्ट्राची हानि होती, आणि इतका कडक एकांतवास प्रत्येक खेड्यांतल्या गोठ्याला पुरविणें अशक्य होतें. हें सारें खरें असलें, तरी ज्या शेतकऱ्याच्या दहा गाई त्याच्या डोळ्यांदेखत खड्ड्यांत लोटल्या, त्याला हें कोणत्या तोंडानें सांगावें? त्याची गाय त्याला कमी मोलाची नव्हती. रोग एकच, कायदा एकच, आणि निवाडे मात्र दोन! माझ्या मतें १९१४ च्या सांथीचा सर्वांत महत्त्वाचा धडा जंतूंविषयीं नसून न्यायाविषयीं आहे.

कारण रोग प्रथम कोणाच्या दृष्टीस पडतो? पशुवैद्याच्या नव्हे, धन्याच्या. जनावराच्या तोंडांतून लाळ गळूं लागली, तें लंगडूं लागलें, कीं पहिल्यानें त्यालाच कळतें. त्या क्षणीं तो तोंड उघडतो कीं गोठ्याचें दार लावून घेतो, ह्यावर साऱ्या जिल्ह्याचें भवितव्य अवलंबून असतें. तोंड उघडल्यास आपल्यावर अन्याय होणार नाहीं, हा भरंवसा असला तरच तो बोलेल. केवळ पहाऱ्यानें सांथ अडत नाहीं.

क्षयाच्या मोहिमेंत हाच प्रश्न पुन्हां उभा राहिला. गुरांचा क्षय दुधावाटे माणसांना, विशेषतः मुलांना होतो. म्हणून १९१७ पासून अमेरिकेंत ट्युबरक्युलिनची सुई टोंचून गुरें तपासण्याचें व रोगी जनावरें मारण्याचें काम हातीं घेण्यांत आलें. हेतु निर्विवाद चांगला होता. पण १९३१ मध्यें, मंदीनें शेतकरी आधींच पिचला असतां, आयोवामधील सीडर काउंटीच्या शेतकऱ्यांनीं तपासनिसांना आपल्या गोठ्यांतून हुसकून लावलें. चाचणी खोटी आहे, तिनें गाभण गाई गाभ टाकतात, आणि भरपाई अपुरी मिळते, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. अखेर गव्हर्नरानें सैनिक पाठविले आणि त्यांच्या पहाऱ्याखालीं गुरें तपासलीं गेलीं. शास्त्र शेतकऱ्यांच्या बाजूचें नव्हतें. मोहीम यशस्वी झाली, आणि दहा वर्षांच्या आंत त्या देशांतील गुरांचा क्षय अत्यल्प प्रमाणावर आला. परंतु दूध निर्मळ करण्यासाठीं बंदुका आणाव्या लागल्या, ही गोष्ट कोणत्याही कारभाराला भूषणावह नाहीं.

इतका इतिहास ध्यानांत घेतला, म्हणजे दारावरच्या त्या प्रश्नांचा अर्थ उलगडतो. कानांतला बिल्ला म्हणजे जनावराची जन्मपत्रिका. उद्यां रोग निघाला तर तें कोठून कोठें गेलें, हें त्यावरून शोधतां येतें. दाखल्याला थोड्या दिवसांची मुदत असते, कारण महिन्यापूर्वींचें आरोग्य हें आजचें आरोग्य नव्हे. चामखिळी व गजकर्ण हे जीवघेणे रोग नव्हेत. पण ते स्पर्शानें पसरतात, आणि गजकर्ण तर जनावर हाताळणाऱ्या मुलालाही होतें.

हा मुलाचा उल्लेख मी सहज केला नाहीं. १९०२ मध्यें ओहायोमध्यें ए. बी. ग्रॅहॅम ह्या शिक्षकानें ग्रामीण मुलामुलींसाठीं जें मंडळ काढलें, त्यांतून पुढें फोर-एच ही चळवळ वाढली. आज काउंटीच्या जत्रेंतील कित्येक प्रदर्शक हीं शाळकरी मुलेंच असतात. २०१२ सालीं अमेरिकेंत डुकरांच्या इन्फ्लुएंझाचा एक प्रकार तीनशेंहून अधिक माणसांना झाला. त्यांत बहुसंख्य मुलें होतीं, आणि बहुतेकांचा संपर्क जत्रांतील डुकरांशीं आलेला होता. तेव्हांपासून डुकरें जत्रेंत बहात्तर तासांहून अधिक ठेवूं नयेत, त्यांच्या गोठ्यांत खाऊंपिऊं नये, बाहेर पडतांना हात धुवावे, अशा सूचना रूढ झाल्या. २०१५ मध्यें पक्ष्यांच्या इन्फ्लुएंझामुळें आयोवा, मिनेसोटा इत्यादि संस्थानांनीं त्या वर्षापुरतीं कोंबड्यांचीं प्रदर्शनेंच बंद केलीं. २०२४ मध्यें तोच रोग दुभत्या गाईंत आढळला, आणि दूध देणाऱ्या गाईची आगाऊ चाचणी झाल्यावांचून तिला जत्रेंत घेऊं नये, असा नियम अनेक संस्थानांनीं केला. प्रत्येक नव्या संकटाबरोबर नियमावलींत एक नवी ओळ वाढत आली आहे.

हा विचार आपल्याला परका नाहीं. पशुरोगांच्या संशोधनाची सरकारी प्रयोगशाळा हिंदुस्थानांत प्रथम निघाली ती १८८९ मध्यें पुण्यासच. पुढें ती हिमालयांतील मुक्तेश्वरास नेण्यांत आली. आणि २०२२ च्या सप्टेंबरांत गुरांच्या अंगावर गांठी उठविणारा लंपी रोग पसरला, तेव्हां महाराष्ट्रांत गुरांचे बाजार, जत्रा, शर्यती व प्रदर्शनें बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. बाजारांत बैल विकून खरीपाचें देणें भागविणाऱ्या शेतकऱ्याला तो हुकूम जड गेला असेल, ह्यांत शंका नाहीं.

म्हणून शहरांत राहून दुधाची पिशवी उंबरठ्यावर मिळणाऱ्या आपल्यासारख्यांनीं ह्या दारावरच्या नियमांकडे केवळ ग्रामीण बाब म्हणून पाहूं नये. त्या दाराशीं जें जनावर अडविलें जातें, त्याच्या धन्याचें नुकसान आपल्या आरोग्यासाठीं झालेलें असतें. नियम कडक असावा, ह्याविषयीं दुमत नाहीं. पण तो धनवंताच्या गाईला आणि पोराच्या वासराला सारखाच लागू व्हावा, आणि जो स्वतः होऊन आपल्या गोठ्यांतला रोग सांगतो, त्याला शिक्षा झाल्यासारखें वाटूं नये, एवढी काळजी नियम करणारांनीं घेतली पाहिजे. तेवढें झालें तर दाराशीं उभा असलेला पशुवैद्य शेतकऱ्याला द्वारपाल न वाटतां सोबती वाटेल.